भूतबंगल्यातला बिबट्या

आमच्या भूतबंगल्यात बटाट्याचा वास यायचा. धुराचं मशीन फिरवा, अगरबत्त्या लावा, भिंतींवर लाल रंगाचे पंजे उठवा, आत पाऊल टाकलं की नाकाला पहिल्यांदा बटाटाच लागायचा. ती इमारत मुळात बटाट्याचं कोल्ड स्टोरेज होती, मंचरजवळ, हायवेच्या कडेला. मालक वर्षानुवर्षं बटाट्याच्या व्यापारात होते. एके वर्षी त्यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्यांनी आतल्या मांडण्या काढून टाकल्या आणि तिथं इनडोअर पार्क काढलं. पुढच्या भागात मुलांच्या घसरगुंड्या, मग टकरीच्या मोटारी, मग कापसाचा बर्फ लावलेली एक गार खोली, आणि सगळ्यात मागे भूतबंगला. जाड भिंती, एकही खिडकी नाही. भर दुपारी बारालासुद्धा आत हाताला हात दिसायचा नाही.

"बटाट्याला जे लागतं तेच भुताला लागतं," मालक म्हणायचे. "अंधार आणि गारवा. मला काही नवीन शिकावं लागलं नाही."

मी तेव्हा अवसरीला मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष संपवून निरगुडसरला घरी बसले होते. निकाल यायचा होता, नोकरी मिळायची होती. आणि घरी बसलेल्या मुलीकडे स्थळंच येतात, म्हणून मी घाईघाईनं हे काम धरलं. घरी सांगितलं, "पार्कात मशिनरी सांभाळते." सुरुवातीला ते खरंही होतं. भूतबंगल्यात रुळांवरून दोन-दोन माणसांचे डबे फिरायचे, बैलगाडीच्या चालीनं. वळणावळणावर काहीतरी उठायचं, पडायचं किंवा ओरडायचं. सांगाडा हवेच्या दाबावर उठायचा, शवपेटीचं झाकण मोटारीवर उघडायचं, वरून कोळ्याची जाळी खाली यायची. यातलं रोज काहीतरी बिघडायचं आणि मी पाना घेऊन भुतांच्या पोटात शिरायचे.

मग एका रविवारी हडळीची मोटार जळली. हडळ म्हणजे कपड्यांच्या दुकानातली बाहुली, तिला पांढरी साडी नेसवलेली, आणि ती गरकन फिरून डब्याच्या अंगावर यायची. नवीन मोटार यायला वेळ होता आणि बाहेर रांग लागली होती. मालकांनी एकदा बाहुलीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"उंची तीच आहे," ते म्हणाले.

तर अशी मी हडळ झाले. मोटार पुढे आली, बसवलीसुद्धा, पण मालकांनी बाहुलीला परत काही उभं केलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की बाहुलीपेक्षा माझा आवाज चांगला आहे. मलाही नाही म्हणवेना. आमच्या घरी मुलींनी हसायचं ते ओठांतल्या ओठांत, आणि अंगणातून हाक मारायची ती शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही अशी. इथे मात्र मी बेंबीच्या देठापासून किंचाळायचे आणि मालक बाहेरून ओरडायचे, "आणखी मोठ्यानं!"

अडचण एकच होती. कुणी घाबरायचं नाही.

पुण्याकडून येणारी कॉलेजची पोरं थोडीफार किंचाळायची, तेही एकमेकांचा हात धरायला मिळावा म्हणून. पण आमच्या आंबेगाव-जुन्नरचा माणूस डब्यात बसला की मांडी घालून बसल्यासारखा बसायचा आणि सगळं नीट बघत पुढे जायचा. एका आजोबांनी डबा वळताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "पोरी, जेवलीस का?" बचत गटाच्या बायका आल्या त्या दिवशी तर मला रडायला यायचं बाकी होतं. मी केस पुढे घेऊन, हात पसरून त्यांच्या अंगावर धावले. एकीनं मोबाईलचा उजेड माझ्या पायांवर टाकला.

"हे काय गं? पाय सरळच हायेत हिचे!"

"आन् निऱ्या बघ की," दुसरी म्हणाली. "आशा निऱ्या करून कुठं हडळ हिंडती व्हय?"

त्या हसत बाहेर पडल्या. बाहेर पडणारे सगळेच हसत बाहेर पडायचे. मालक कपाळाला हात लावून बसायचे. "अगं, भूतबंगला आहे का बारशाचा कार्यक्रम?"

मी विचार करायला लागले, की आमच्या लोकांना भीती तरी कशाची वाटते? उत्तर घरातच होतं. आमची आई अंधार पडायच्या आधी गोठ्यात जायची तीसुद्धा ताट वाजवत. उसाच्या कडेनं जाताना प्रत्येकाच्या खिशात मोबाईल मोठ्यानं गात असायचा, आणि तो गाण्याच्या हौसेनं नव्हे. पोरं शाळेतून घोळक्यानं यायची. भुताचं नाव आमच्याकडे चेष्टेत निघायचं. बिबट्याचं नाव निघालं की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली यायचा.

त्याचा आवाज मी लहानपणापासून ऐकलेला होता. डरकाळी वगैरे नाही, कोणीतरी अंधारात बसून करवतीनं ओंडका कापतंय असा तो असतो. मी रंगाची एक रिकामी पत्र्याची बादली घेतली, बुडाला भोक पाडलं, त्यातून सुतळी ओवून आत गाठ मारली आणि सुतळीला मेण चोळलं. ओल्या फडक्यात सुतळी धरून ओढली की बादली बोलायची. घर्र. घर्र. पहिल्यांदा वाजवली तेव्हा माझ्याच मानेवरचे केस उभे राहिले. हडळीच्या आधीच्या वळणावर मी उसाचं पाचट रचलं, त्यामागे स्टूल ठेवलं, आणि पाचटातून दिसतील असे दोन हिरवट-पिवळे दिवे एका फळीवर बसवले. डबा आला की दिवे लावायचे, सुतळी ओढायची, आणि डबा पुढे सरकला की धावत जाऊन हडळ म्हणून उभं राहायचं. बिबट्याही मीच आणि हडळही मीच.

परिणाम पहिल्याच दिवशी दिसला. लोक पांढरेफटक होऊन बाहेर यायला लागले आणि पुन्हा रांगेत उभे राहायला लागले. मला मात्र एका गोष्टीची धास्ती होती. आमच्या भागात कुणाच्या घरी खरंच काही घडलेलं असतं. म्हणून डब्यांची कळ सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या कामगाराशी मी ठरवून घेतलं; त्यांना सगळे बाबा म्हणायचे. बाबा घाटाकडचे होते. पावसाळ्यात ते गावी भात लावायला जायचे, बाकी दिवस आमच्याकडे. बिबट्याला ते वाघरू म्हणायचे. ते प्रत्येकाला बसण्याआधी सांगायचे, "आत वाघराचा आवाज हाय, चालंल ना?" कुणी नको म्हटलं किंवा लहान मूल असलं, की ते भोंगा वाजवायचे आणि मी गप्प बसायचे. भोंगा वाजला नाही, तर तो डबा माझा.

हे सगळं मी घरी बोलले नव्हते. घरच्यांच्या लेखी मी अजून मशिनरी सांभाळत होते.

आणि एका रविवारी दुपारी, पाचटामागे बादली गुडघ्यांत धरून बसलेली असताना, मला डब्यांच्या सुरुवातीकडून एक ओळखीचा आवाज ऐकू आला.

"भुतं काय दाखवता राव आमाला? आमी राजुरीचं. मी सोता बिबट्या हाकललाय, बिबट्या!"

माझे मामा.

इथे मामांच्या बिबट्याबद्दल सांगायला हवं. आमच्या सगळ्या नातेवाइकांत असं एकही लग्न, बारसं किंवा वास्तुशांत झाली नसेल जिथे मामांनी तो बिबट्या सांगितला नाही. दिवस मावळायला आला होता, शेरडांच्या खोपटापाशी बिबट्या आला, मामांच्या हातात नुसती काठी, आणि दोघांची नजरानजर झाली. "मी म्हणलं, ये. आज तू तरी न्हाईतर मी तरी." हे वाक्य आलं की पंगतीतली पोरंसुद्धा मामांच्या बरोबरीनं म्हणायची. बिबट्या पहिल्यांदा कुत्र्याएवढा होता. माझ्या दहावीपर्यंत तो वासराएवढा झाला होता. त्या वेळी मामी जवळच कुठेतरी मटार सोलत नाहीतर लसूण निवडत खाली मान घालून बसलेली असायची. मामी म्हणजे अंगानं काडी, उंचीनं माझ्या खांद्याला, आणि चार माणसांत तोंडातून शब्द काढायची नाही.

"भाची आमची हितंच कामाला हाय," मामांचा आवाज आला. "मशिनीवर. दाजी म्हणलं, जावा, बघून या. कुठं हाय ती?"

"आतच हाय," बाबा म्हणाले. त्यांचा स्वभाव जास्त बोलण्याचा नव्हता. "आत वाघराचा आवाज हाय. चालंल ना?"

"चालंल? आवो, त्यालाच इचारा माला बघून त्याला चालंल का! चल गं, बस."

मी कान देऊन बसले. भोंगा वाजला नाही.

आता खरं म्हणजे मी हाक मारायला हवी होती, "मामा, मी हाय." पण हातात ओलं फडकं होतं, मांडीवर बादली होती, आणि वासराएवढा बिबट्या हाकलणारा माणूस रुळांवरून माझ्याकडे येत होता. अशी संधी आयुष्यात किती वेळा येते?

डबा खडखडत निघाला. पहिल्या वळणाला सांगाडा उठला. "काय रं, रेशन मिळंना का?" मामांनी त्याला विचारलं. जाळी खाली आली. "ही बघ, आपल्या माळ्यावरची." मग ध्वनिमुद्रित आवाज हिंदीत घुमला की इथून कोणी जिवंत जाणार नाही. "मराठीत बोल की लेका! जिल्हा कंचा तुझा?" मामीचं हसू ऐकू आलं, बारीकसं.

डबा माझ्या वळणावर आला. मी दिवे लावले आणि सुतळी ओढली.

घर्र.

मामा बोलता बोलता थांबले.

घर्र. घर्र.

डब्यात काहीतरी जड घसरल्याचा आवाज झाला. मामांचं पोट म्हणजे साधंसुधं पोट नाही. डब्यात पाय ठेवायला जेमतेम जागा, वरून माणूस पडू नये म्हणून आडवा दांडा. त्या दांड्याखालून मामा तळाशी कसे मावले हे मला मेकॅनिकलची पदवी मिळूनही सांगता येणार नाही. पण वरची जागा रिकामी झालेली मला दिव्यांच्या उजेडात दिसली. आणि तिच्या शेजारी मामी उभी राहिलेली दिसली.

"हाड!" मामी ओरडली. "हाड, मुडद्या! परत आलास व्हय रं?"

तो मामीचा आवाज आहे हे समजायलाच मला वेळ लागला. असला आवाज हडळ होऊनसुद्धा मला कधी जमला नव्हता. तिनं हातातली पिशवी भिरकावली. पिशवीत स्टीलचा डबा होता. तो बादलीवर येऊन असा आदळला की सगळा भूतबंगला घणघणला. पाठोपाठ मामी दांड्याखालून सुटली, चालत्या डब्यातून खाली उतरली आणि पायातली चप्पल हातात घेऊन थेट त्या दोन डोळ्यांवर चालून आली. डबा मामांना घेऊन पुढे निघून गेला.

चपलेचा पहिला फटका फळीवर बसला. बिबट्याचा एक डोळा विझला. दुसरा माझ्या खांद्यावर.

"मामी! थांब! मी हाय गं, मी!"

चप्पल हवेतच थांबली. "कोण मी?"

"निरगुडसरची!"

 मग तिनं चोळीतून मोबाईल काढला आणि उजेड माझ्या तोंडावर टाकला. पांढरी साडी, पिठासारखी पावडर, डोळ्यांभोवती काजळ, पोटाशी बादली. मामीनं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आधी केस बांध," ती म्हणाली.

मी केस बांधले. आणि मग आम्हा दोघींना जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. मामी पाचटात बसली, मी तिच्या शेजारी बसले. ती माझा खांदा चोळत होती आणि हसत होती. "लई लागलं का गं? आगं, मी खरंच मारत व्हते."

बाहेर काय झालं ते बाबांनी मला नंतर सांगितलं. मामा-मामींचा डबा दार ढकलून उजेडात आला तेव्हा तो रिकामा होता. दोन माणसं आत गेली होती, आणि दांडा तसाच आडवा असलेला रिकामा डबा बाहेर आला. त्याआधी सगळ्यांनी आतून बाईचं ओरडणं आणि तो घणघणाट ऐकलेला होता. रांगेतले लोक मागे सरकले. तेवढ्यात डब्याच्या तळातून एक हात वर आला आणि त्यानं दांडा पकडला. मग म्हणे रांग पार टकरीच्या मोटारींपर्यंत पळाली.

मामा वर आले. शेजारची जागा त्यांनी बघितली. मग हातानं चाचपून बघितली.

"माझी बायको," ते म्हणाले. "आवो, बायको आत ऱ्हायली माझी. आत जनावर हाय!"

बाबांनी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की जनावर नाही, बादली आहे. मामांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी दांड्याखालून स्वतःला ओढून काढलं. त्यात शर्टाची दोन बटणं तुटली. कोपऱ्यातला खराटा त्यांनी उचलला, आणि ज्या दारातून डबा बाहेर आला होता त्याच दारातून, अंधारात, रुळांवरून उलटे आत पळत गेले.

आम्हाला आतून फक्त पावलं ऐकू आली. वाटेत शवपेटी होती. तिचं झाकण आपोआप उघडलं असणार, कारण खराट्याचा एक फटका आणि थर्माकोल फुटल्याचा आवाज आला. मग मामांचा आवाज, फाटलेला, रडवेला.

"सोड तिला! सोड! मी आलोय! तिला सोड, माला खा!"

मामीचं हसणं एकदम थांबलं. तिनं माझा हात घट्ट धरला. मोबाईल तिच्या मांडीवर उलटा पडलेला होता आणि त्याचा उजेड खालून माझ्या तोंडावर येत होता. मामा वळणावरून खराटा उगारून आले. त्यांनी आधी मामीला बघितलं, ती धडधाकट होती. मग तिच्या शेजारी बघितलं.

"हडळ!" मामा किंचाळले, आणि खराट्यासकट मटकन खाली बसले.

हडळ म्हणून माझ्या सगळ्या काळात मनापासून घाबरलेला तो एकमेव माणूस. मी अजून त्यांची आभारी आहे.

मामांना धरून बाहेर आणलं तेव्हा मालक धावत आले. त्यांना वाटलं होतं की आता तक्रार होणार, आता सगळं बंद पडणार. मामांना खुर्ची दिली, पंखा लावला. पण रांग परत आली होती आणि चांगली लांबली होती. पळालेले सगळे परतले होते आणि आपल्या ओळखीच्यांना घेऊन आले होते. प्रत्येकाला त्याच डब्यात बसायचं होतं, जो भरून जातो आणि रिकामा येतो. मालकांनी एकदा रांगेकडे बघितलं, एकदा मामांकडे. मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पाहुणे रोज येऊ शकतील का?"

मी पावडर पुसून, साडीवर ओढणी घेऊन बाहेरच्या बाकावर मामीजवळ बसले. मामा तोंड धुवायला गेले होते. आम्ही तो स्टीलचा डबा उघडला. त्याला एका बाजूला मोठा पोचा पडला होता, पण आत मामीनं माझ्यासाठी आणलेली धपाटी शाबूत होती.

"मामी," मी धपाट्याचा घास घेत विचारलं, "तू आत काय म्हणालीस? परत आलास व्हय, असं?"

मामीनं चटणीची पुडी सोडली, माझ्या धपाट्यावर घातली. मग म्हणाली, "मामा पंपाच्या खोलीवर व्हते."

"कधी?"

"त्या दिवशी. मी शेरडं बांधत व्हते आन् ते वाघरू माझ्यासमोर. मी घमेलं उचललं, खुरपं मारलं त्याच्यावर, वरडत ऱ्हायले. गेलं निघून. मागं वळून बघितलं तर मामा खोलीवर. उतरून आले ते थरथर कापत. दोन रात्री तापानं फणफणले. माणसं बघायला यायला लागली, काय झालं, काय झालं. म्हणलं, आता काय सांगावं? म्हणलं, ह्यांनी हाकललं, त्येचाच धसका घेतलाय." ती हसली. "सुरवात मीच केली बाई. फुडं वाढवलं त्यांनी."

"आणि तू इतकी वर्षं ऐकून घेतेस?"

"मग? लई छान सांगत्यात ते. मी हाकललं त्यात सांगण्यासारखं काय व्हतं? घमेलं वाजवलं, संपलं." तिनं एक तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "आज मातर आले का न्हाई परत? जनावर खरंच हाय असं समजून आले. माला खा म्हणाले."

मामा उसाच्या रसाचे तीन ग्लास हातांत सांभाळत आले. आमच्या दोघींची तोंडं बघून वाटेतच थबकले.

"सांगितलंस व्हय?"

"सांगितलं."

"खोलीवर चढल्याचं बी?"

"ते बी."

मामांनी ग्लास बाकावर ठेवले आणि पलीकडच्या टोकाला बसले. शर्टाची बटणं तुटल्यामुळे बनियन दिसत होतं, ते त्यांनी उपरण्यानं झाकून घेतलं. बराच वेळ हायवेवरच्या गाड्या बघत रस पीत राहिले.

"खोलीला शिडी नव्हती," शेवटी ते म्हणाले. "भित्ताड सरळ उभं. कसा चढलो, माझं मलाच ठावं न्हाई. ते कुणी इचारतच न्हाई."

मामीच्या नाकातून रस बाहेर आला. मग मामाही हसले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मध्येच थांबून मला म्हणाले, "बये, तुझ्या आईला यातलं काय बी सांगू नको." आणि मी हो म्हणायच्या आत मामी म्हणाली, "तिनं कशाला सांगायचं? मी हाय की."

ग्लास रिकामे झाले तसे मामा जायची भाषा करायला लागले, बस चुकेल म्हणून. मामी उठेना. ती रांगेकडे बघत होती.

"काय गं?" मी विचारलं.

"माझं शेवटचं बघायचंच ऱ्हायलं. मी मधीच उतरले ना."

"शेवटी शवपेटी होती. ती मामांनी फोडली."

"बरं," मामी म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "ते बादलीचं कसं करतीस?"

मी तिला मागच्या दारानं आत नेलं. बिबट्याचा उरलेला एक डोळा लावून दाखवला. स्टुलावर बसवलं, बादली गुडघ्यांत कशी धरायची ते सांगितलं, फडकं ओलं करून दिलं. तिनं एकदा हळूच ओढून बघितलं. बादली नुसती कुरकुरली.

"आगं, त्यो असा न्हाई," ती म्हणाली. "त्यो आधी लांबून वरडतो. मग गप ऱ्हातो. आन् मग जवळून."

बाबांनी कळ ओढली. भोंगा वाजला नाही. डबा निघाला. आवाजावरून पुण्याकडची दोन मोठी माणसं असावीत, इंग्रजीत हसत होती. सांगाडा झाला, जाळी झाली. बाहेरून मामांचा आवाज येत होता. ते रांगेतल्या लोकांना मोठ्या तळमळीनं सांगत होते, "भाऊ, आत जाऊ नका. मी बघून आलोय. लई मोठं हाय." आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला रांग आणखी पुढे सरकत होती.

मामीनं लांबून एकदा ओढली. घर्र. डब्यातलं हसणं कमी झालं. मग ती थांबली. इतका वेळ थांबली की मलाच राहवेना. डबा अगदी पाचटाला लागला तेव्हा तिनं सगळ्या अंगाचा जोर लावून सुतळी ओढली, आणि जी किंकाळी उठली ती ऐकून मालक बाहेरून ओरडले, "वा!"

मी धावत हडळीच्या जागी जायला निघाले. जाता जाता मागे बघितलं. एका हिरव्या डोळ्याच्या उजेडात मामी पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती, खांदे गदगदत होते, आणि मोकळ्या हातानं ती मला खुणावत होती की आणखी एक येऊ दे.